सांगलीतून थिएटरच्या पडद्यापर्यंत: एडिटिंग-फिनिशिंगला सॉफ्टवेअर कोणतं धरू?

मिरजमार्गे
नमस्कार मंडळी. सांगलीत माझं एडिटिंगचं छोटं दुकान आहे. बारा वर्षं लग्नं, बारशी, वास्तुशांती, मधूनच कारखान्याची वार्षिक सभा. सगळं एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर. कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेलीत, पण हात चुकत नाही.

आता पहिल्यांदाच वेगळं काम अंगावर घेतलंय. मिरजेच्या सतार-तंबोरा करणाऱ्या कारागिरांवर ९० मिनिटांचा माहितीपट. दिग्दर्शक शाळेतला मित्र, त्यामुळे पैशाचं काय ते समजून घ्या. शूटिंग संपलंय. सोनीचे दोन मिररलेस (दहा बिट ४:२:२, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणारं रेकॉर्डिंग), ड्रोन, आणि ऐन वेळी जे सापडलं ते मोबाइलवर. ४के, २५ फ्रेम, एकूण ४२ तास. शेवटी पाहिजे डीसीपी (थिएटरात लावायची डिजिटल प्रत), महोत्सवांना पाठवायला आणि जमलं तर एखाद्या थिएटरात लावायला.

मशीन: विंडोज, आय७-१२७००एफ, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६०. प्रीमियर, रिझॉल्व्ह, अ‍ॅविड, की कर्ज काढून मॅक आणि फायनल कट? गावातल्या चौघांना विचारलं, पाच उत्तरं मिळाली.

प्लगइनपंत
रिझॉल्व्ह. फुकट आहे. धागा बंद करा.

काटछाट
पंत, इतकी घाई असेल तर लग्नात जेवायला आधी बसता का तुम्ही?

मिरजमार्गे, मी मुंबईत मालिकांवर एडिटर आहे. आमच्याकडे अ‍ॅविड. त्याचं कारण फॅशन नाही. एका मालिकेवर आम्ही तिघं आणि दोन असिस्टंट, सगळ्यांचं फुटेज एकाच सामायिक स्टोरेजवर. मी बिन (क्लिप आणि कट ठेवायचं फोल्डर) उघडली की ती माझ्या नावावर लॉक होते, दुसऱ्याला ती बघता येते, बदलता येत नाही. संध्याकाळी एपिसोड जायचा असताना कोणी कोणाच्या कटवर पाय देत नाही. शिवाय ट्रिमिंग, म्हणजे कट फ्रेमभर पुढे-मागे सरकवणं. अ‍ॅविडच्या ट्रिमची सवय लागली की बाकी सगळीकडे कात्री बोथट वाटते.

पण तू एकटा. एकट्याने अ‍ॅविड घ्यायचं म्हणजे चार खोल्यांच्या घराचं भाडं भरून एका खोलीत राहायचं. शिकायला हरकत नाही, पण ९० मिनिटांची फिल्म डोक्यावर असताना नको.

रंगारी
मी अंधेरीत कलरिस्ट आहे. लोकांनी कुठे कुठे कापलेलं माझ्याकडे येतं, त्यामुळे माझं मत एका खिडकीतून बघितलेलं आहे हे आधीच सांगतो.

तू प्रश्न सुरुवातीकडून विचारतोयस. मी शेवटाकडून विचारतो. फिल्मचा कट लॉक, म्हणजे पक्का, झाल्यावर ती कोणाच्या हातात जाणार? रंग कोण करणार? आवाज कोण? डीसीपी कोण बनवणार? या तिघांना तुझ्याकडून काय लागेल ते आज विचार. एडिटिंग कशात करायचं हे त्यातून आपोआप अर्धं ठरतं.

एडिटिंग म्हणजे गोष्ट लावणं, फिनिशिंग म्हणजे त्याच गोष्टीतला प्रत्येक शॉट मूळ फाइलवरून पुन्हा उभा करून पडद्याच्या लायक करणं. मधला पूल म्हणजे कन्फॉर्म. तुझ्या टाइमलाइनमधून एक्सएमएल, एएएफ किंवा ईडीएल, म्हणजे कटांची यादी, निघते, माझं मशीन ती वाचतं आणि म्हणतं, 'अमुक नावाची फाइल, अमुक टाइमकोडपासून अमुकपर्यंत.' बस्स. फाइलचं नाव आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमला दिलेली घड्याळासारखी वेळ), एवढ्या दोन काठ्यांवर अख्खा पूल उभा.

आता सोनीचे मिररलेस क्लिपला नाव काय देतात? सी०००१, सी०००२. कार्ड फॉरमॅट झालं की पुन्हा सी०००१ होऊ शकतं. दोन कॅमेरे, चाळीसेक कार्डं. टाइमकोडही दर वेळी शून्यावर आला असेल तर माझ्या मशीनला कोणता सी०००१ कुठला ते कळायचा मार्गच उरत नाही. सुतार तासत असेल तिथे ड्रोन येऊन बसतो. आधी फोल्डर उघड आणि तुझ्याकडे सी०००१ किती आहेत ते मोज. सॉफ्टवेअरचं नंतर बघू.

मिरजमार्गे
मोजले. चौदा.

आता झोप येणार नाही.

रंगारी
येईल. कार्डांच्या कॉप्या जशाच्या तशा ठेव, आतलं काही हलवू नकोस. दोन वेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी घराबाहेर, मित्राकडे का असेना. मग त्यातून कामाच्या फाइली ट्रान्सकोड करून (दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून) घे आणि *तेव्हा* नावं दे: तारीख, कॅमेरा, कार्ड, मग क्लिप नंबर. मोबाइलचं फुटेज तर ट्रान्सकोड केल्याशिवाय टाइमलाइनवर घेऊच नकोस. फोन फ्रेमरेट हवा तसा कमी-जास्त करत असतात, वीस मिनिटांच्या मुलाखतीत ओठ आणि आवाज कधी सुटले ते कळतही नाही.

आणि पंत, तुमच्या 'फुकट आहे'बद्दल. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती मीही डोक्यावर घेतो. पण ती ८ बिट व्हिडिओसाठी आणि अल्ट्रा एचडीपर्यंत, ६० फ्रेमपर्यंत. याचं फुटेज दहा बिटचं. विंडोजवर फुकट आवृत्तीत ते थेट ओढलं की बहुधा आवाज येईल, चित्र नाही. नॉइज रिडक्शनही पैसेवाल्या स्टुडिओ आवृत्तीतच. लिनक्सवर गेलास तर फुकट आवृत्ती एच.२६४ (कॅमेऱ्यांचा नेहमीचा फॉरमॅट) उघडतसुद्धा नाही.

प्लगइनपंत
मान्य. घाई झाली.

तरी एक सांगतो, मशीनचा प्रश्न सॉफ्टवेअर बदलून सुटणार नाही. दहा बिट ४:२:२ चं हार्डवेअर डीकोडिंग (फाइल उलगडायचं काम कार्डानेच करणं) एनव्हिडियाने आणलं ते ५० मालिकेच्या कार्डांत, ३०६० ला ते नाही. एच.२६५ असेल तर इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सला जमतं, पण तुमच्या १२७०० पुढे जो 'एफ' आहे ना, त्याचा अर्थच आतलं ग्राफिक्स नाही. तेवढे पैसे वाचवले तुम्ही.

मिरजमार्गे
दुकानदार म्हणाला होता, 'एफ म्हणजे फास्ट.'

काटछाट
😂😂 आजचा पुरस्कार इथेच.

म्हणून प्रॉक्सी कर, म्हणजे कापण्यापुरत्या हलक्या कॉप्या. फॉरमॅट डीएनएक्सएचआर एलबी, १०८०. तासाला साधारण १६ जीबी, म्हणजे ४२ तासांचे ६८० जीबीच्या आसपास. एका १ टीबीच्या एसएसडीवर अख्खी फिल्म मावते आणि तुझं आत्ताचं मशीन लोण्यासारखं चालेल. नवीन पीसीचा विषय बाजूला पडला की नाही?

सफरचंद
पुण्याहून. कोणी फायनल कटचं नाव घेत नाही म्हणून मी येतो. ज्या मॅकमध्ये एम१ किंवा त्यापुढची चिप आहे, त्यात हे ४:२:२ वगैरे सहज पळतं. एकदाच २९९.९९ डॉलर, वर्षानुवर्षं अपडेट. कीवर्ड लावून ४२ तासांच्या मुलाखती चाळायला याच्यासारखं दुसरं काही मला भेटलेलं नाही. 'पॉलिश', 'भोपळा', 'उस्ताद बोलतात', 'जवारी' (घोडी घासून तारेला गुंजन आणणं) अशा खुणा करत जा, शॉट दोन सेकंदांत हातात.

काटछाट
भोपळ्याचं पटलं. पण मी २०११ विसरलेली नाही. आमची अख्खी खोली फायनल कट ७ वर होती. जूनमध्ये दहावी आवृत्ती आली आणि जुने प्रोजेक्ट उघडेनात. मल्टिकॅम (अनेक कॅमेरे एकत्र कापणं) नाही, बाहेर द्यायला ईडीएल-ओएमएफ नाही. बऱ्याच गोष्टी नंतर परत आल्या, पण तोवर लोक पांगले होते. कोणी प्रीमियरला गेलं, आम्ही अ‍ॅविडला.

सफरचंद
पंधरा वर्षं होत आली, ताई. नातं तोडलेल्या नवऱ्यालासुद्धा एवढे दिवस कोणी बोल लावत नाही.

काटछाट
नवऱ्याने प्रोजेक्ट फाइल नेली नव्हती.

मॉन्ट्रियलची मावशी
तुमचं चालू द्या, पण फिनिशिंग हा शब्द कोणी उच्चारला की मला राहवत नाही. पंचवीस वर्षं या कामात आहे, आणि ज्या गावात राहते तिथेच डिस्क्रीट लॉजिक ही कंपनी निघाली, १९९१ मध्ये. फ्लेम हे फिनिशिंगचं सॉफ्टवेअर तिचंच. १९९९ मध्ये ती ऑटोडेस्कने घेतली.

आमच्या तरुणपणी फिनिशिंगची खोली म्हणजे देवघर. महागडं यंत्र, एसी, अंधार, आणि तासाचं भाडं ऐकून क्लायंट कॉफीसुद्धा पटापट प्यायचा. दा विंचीचं, म्हणजे आजच्या रिझॉल्व्हच्या पूर्वजाचं, कलर करेक्शनही तसंच, कपाटाएवढं हार्डवेअर. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिकने ती कंपनी विकत घेतली, पुढच्या वर्षी मॅकवरचं सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला काढलं आणि २०११ मध्ये फुकट आवृत्ती. त्या वेळी खोलीतले सगळे हसले होते. हसणाऱ्यांत मी पण होते.

बाळ, तुझ्या फिल्मला फ्लेम नको. एका फ्रेममधून टॉवर पुसणं, चेहऱ्यावरचा डाग काढणं, पंधरा शॉट एकत्र विणणं यासाठी ते. बेसलाइट, मिस्टिका ही नावं कोणी घेतली तर नमस्कार करून पुढे जा. ती कलरिस्टची हत्यारं, त्याने आणावीत.

सॉफ्टवेअरवरून भांडणाऱ्यांना एकच सांगते. वॉल्टर मर्चला १९९६ च्या 'द इंग्लिश पेशंट'साठी एडिटिंगचं ऑस्कर मिळालं ते अ‍ॅविडवर. 'कोल्ड माउंटन' त्यानेच फायनल कटवर कापला, २००३ मध्ये. माणूस तोच. फायनल कटवर जाण्याआधी मात्र त्याने आणि त्याच्या माणसांनी शेवटपर्यंतची पाइपलाइन तपासून घेतली होती. लक्षात ठेवायचं ते हे.

शाईपेन
प्रीमियरची बाजू मी मांडतो, नाहीतर ते बिचारं पोरकं. मी जाहिराती करतो. ग्राफिक्स आफ्टर इफेक्ट्समध्ये, फोटो फोटोशॉपमध्ये, सगळं एकमेकांत उघडतं. मुंबईत मदतनीस शोधायला गेलात तर दहातले बहुतेक प्रीमियर जाणणारे. एक्सएमएल बाहेर काढणं सोपं, कलरिस्ट लोकांना त्याची सवय. अडचण एकच, २०१३ पासून ते भाड्यानेच मिळतं. भाडं थांबलं की प्रोजेक्ट उघडत नाही. माहितीपट तीन-तीन वर्षं रखडतात हे धरून हिशेब करा.

एक वेगळीच गोष्ट, जी इथे कोणी काढली नाही: मराठी अक्षरं. तुम्ही सांगलीचे, म्हणजे नावांच्या पट्ट्या श्रीलिपीत केल्या असणार.

मिरजमार्गे
बारा वर्षं. दुसरं माहीतच नाही.

शाईपेन
मग ऐका. श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. तुमच्या मशीनवर 'ज्येष्ठ कारागीर' दिसतं, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेला, त्याच्याकडे तो फॉन्ट नसला, की उस्तादांच्या नावाखाली शिवी लिहिल्यासारखा मजकूर येतो. माझ्याकडून एकदा असं गेलंय, आणि क्लायंटने ते मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर पाहिलं. चूक संपूर्ण माझी.

फिल्मसाठी युनिकोड फॉन्ट धरा. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्सखाली दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्या घरी जाते. कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, पहिल्या दिवशी 'ज्येष्ठ', 'कीर्ती', 'तर्‍हा', 'श्रुती' हे चार शब्द लिहून बघा. फुटले तर पट्ट्या बाहेर बनवून पारदर्शक पीएनजी टाका, मान खाली घालायची गरज नाही.

सूरपेटी
सगळं वाचलं. चित्र, चित्र, चित्र. फिल्म तंबोऱ्यावर आहे आणि एकाने आवाजाचं नाव काढलेलं नाही.

मिरजमार्गे, शूट २५ वर आहे म्हणालात. डीसीपी २४ वर करणार की २५ वर?

मिरजमार्गे
फरक पडतो?

सूरपेटी
बसा.

डीसीपीचा सगळीकडे चालणारा फ्रेमरेट २४. २५ ची डीसीपी बनते, नव्या सर्व्हरवर चालतेही, पण जुन्या सर्व्हरवर भरवसा नाही. म्हणून बरेच जण २५ ची फिल्म २४ वर हळू चालवतात. चित्राला काही होत नाही, कोणाला कळतही नाही. ९० मिनिटांची फिल्म ९३ मिनिटं ४५ सेकंदांची होते, एवढंच.

पण आवाजही तितकाच हळू झाला तर सूर उतरतो. किती? अर्ध्या स्वराच्या सुमारे ०.७ पट. म्हणजे काळी एकला लावलेला तंबोरा पांढरी एकच्या थोडा वर येऊन लटकतो. ना काळी एक, ना पांढरी एक. लग्नाच्या बँडला चाललं असतं. तुमच्या फिल्ममध्ये जवारी लावणारी माणसं आहेत, त्यांचं सगळं आयुष्य त्या एका केसाएवढ्या फरकात गेलंय.

उपाय आहे. वेळ बदलताना सूर कायम ठेवणारी प्रक्रिया करायची. पण ती चांगल्या प्रतीची हवी आणि मिक्स करणाऱ्याच्या हातून व्हावी, कारण तंबोऱ्याच्या गुंजनावर स्वस्त प्रक्रिया केली की तो पाण्याखाली वाजल्यासारखा येतो. किंवा महोत्सवाला विचारून २५ चीच डीसीपी द्यायची. हे ठरल्याशिवाय रेंडरचं बटण दाबू नका.

काटछाट
सूरपेटी, मी इतकी वर्षं टीव्हीच्या २५ मध्येच जगले. हे डोक्यातच आलं नसतं.

मिरजमार्गे
चार दिवस गप्प होतो, कारण पाच मिनिटांचा तुकडा घेऊन मावशी म्हणाल्या तसं शेवटपर्यंत नेऊन बघत होतो.

तुकडा असा निवडला की त्यात सगळं असावं: एक मुलाखत, ड्रोन, मोबाइल, दोन डिझॉल्व्ह, एक स्लो मोशन, एक झूम केलेला शॉट, नावाची पट्टी.

पहिला प्रयोग, कापलं एडियसमध्ये, एएएफ काढून रिझॉल्व्हमध्ये उघडलं. कट आले, डिझॉल्व्ह आले. झूम आणि स्लो मोशन हाताने पुन्हा करावे लागले. लग्नातली फुलं उडवणारी ट्रान्झिशनं अर्थातच आली नाहीत, आणि बरंच झालं. दोष कोणाचा नाही, ती एएएफ सांगते तेवढंच सांगते.

दुसरा प्रयोग, सगळं रिझॉल्व्हमध्येच. कीबोर्ड एडियससारखा लावून घेतला. पहिला दिवस अंगठा तुटल्यासारखा गेला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात चालायला लागला. मुख्य म्हणजे पूलच लागला नाही, कारण नदीच नाही. प्रॉक्सीवर कापलं, एक बटण दाबलं, मूळ फाइल आली.

प्रीमियर मित्राच्या दुकानात बसून बघितलं. चांगलं आहे. पण दर महिन्याचं भाडं माझ्या धंद्याला झेपेल ते लग्नसराईत. आषाढात नाही.

रंगारी
शाब्बास. मग रिझॉल्व्ह स्टुडिओ घे, २९५ डॉलर, एकदाच, दोन मशीनवर चालतं. कापायला तेच, म्हणजे माझ्याकडे किंवा कोणाकडेही प्रोजेक्टच येईल, एक्सएमएल नको.

दोन धोके मात्र सांगून ठेवतो. एडियसचा प्रोजेक्ट म्हणजे फोल्डरमधली एक फाइल, कॉपी केली की झालं. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट डेटाबेसमध्ये राहतो. विंडोज पुन्हा टाकलं, सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, की फुटेज सगळं जागेवर आणि तीन महिन्यांचं एडिटिंग गेलं. रोज रात्री प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर टाकायचा. देवाला दिवा लावतोस तेव्हाच.

दुसरं, तुझ्या मॉनिटरवर रंग फायनल करू नकोस. तो ब्राइटनेस ऐंशीवर ठेवलेला गेमिंगचा मॉनिटर आहे, मला न बघता दिसतोय. थिएटरचा पडदा ४८ निट्सच्या (निट म्हणजे उजेडाचं माप) आसपास असतो. तुला घरी जे छान उजळ दिसतं ते तिथे काजळलेलं दिसेल. गोष्ट तू लाव, रंगाचे तीन दिवस कोणाच्या तरी खोलीत येऊन कर.

हिशेबनीस
एक भर घालतो. डीसीपी स्वतः बनवायची असेल तर डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, उत्तम चालतं. चित्राचा डेटा सेकंदाला कमाल २५० मेगाबिट, म्हणजे ९३ मिनिटं ४५ सेकंदांच्या फिल्मचं चित्र जास्तीत जास्त १७६ जीबीच्या घरात. डिस्क त्या हिशेबाने घ्या.

आणि तुमचं चित्र १६:९, पडद्याचा फ्लॅट आकार १९९८×१०८०. रुंदी पूर्ण भरायची तर वर-खाली मिळून ४४ ओळी कापल्या जातात. नावाच्या पट्ट्या अगदी कडेला चिकटवलेल्या असतील तर वर सरकवा.

मिरजमार्गे
पट्ट्या वर घेतल्या. 'ज्येष्ठ' फुटला नाही. स्टुडिओ घेतलं.

एक किस्सा सांगतो. पाच मिनिटांच्या तुकड्याची डीसीपी घरी बनवली, आणि ओळखीच्या थिएटरवाल्याने सकाळच्या खेळाआधी लावून दिली. सूरपेटींचं वाचलेलं होतं, पण मला स्वतःच्या कानाने ऐकायचं होतं, म्हणून मुद्दाम सूर न सांभाळता २४ वर केली होती. दिग्दर्शक आला, मी, आणि फिल्ममधले एक कारागीर, वय सत्त्याहत्तर, मिरजेहून एसटीने. त्यांना काही सांगितलं नव्हतं.

पडदा बघून ते हरखले. स्वतःचे हात एवढे मोठे कधी पाहिले नव्हते म्हणाले. मग तंबोरा सुरू झाला. चारएक सेकंदांत त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अंधारातच विचारलं, 'हा माझा नव्हे. कुणाचा घातलायस?'

सूरपेटी
त्यांना माझा नमस्कार सांगा.

एएएफ कधी पाठवताय? हँडल, म्हणजे कटाबाहेरचा जादा आवाज, दोन्ही बाजूंना पाच सेकंद ठेवा, फिल्म सुरू व्हायच्या दोन सेकंद आधी एका फ्रेमचा बीप टाका, चित्राची फाइल २५ वरच पाठवा. २४ चं मी बघतो.

मिरजमार्गे
कट लॉक व्हायला दोन महिने तरी आहेत. पण तुकड्याची एएएफ आज रात्रीच पाठवतो. बीप टाकलाय.